मॅग्नेटचा कीस

गाडी हलकी करायच्या नादात मी तिच्या इंजिनातलं मॅग्नेट लेथवर चढवून जवळजवळ अर्धं उतरवून आणलं.

ज्यांना गाडीतलं कळतं ते एव्हाना हसले असतील, त्यांना हसू द्या. बाकीच्यांसाठी सांगतो. इंजिनाच्या एका कुशीला आमटीच्या वाडग्याएवढं जड लोखंडी चाक फिरत असतं. त्यात चुंबक बसवलेले असतात, त्यांच्यामुळे ठिणगी पडते, म्हणून त्याला मॅग्नेट म्हणतात, पण त्याचं दुसरं काम जात्याच्या वरच्या दगडाचं. एकदा फिरायला लागलं की ते आपल्या वजनानं फिरत राहतं. दळणारीचा हात जरा सैल पडला तरी दळण थांबत नाही. या दगडाचा मी पापड करून आणला.

बरं, मी कोणी नवखा नाही. सांगलीत शेतीपंपांच्या दुकानात मी सुटे भाग विकतो. ‘हा नको, तो न्या, याच्यानं मोटर जळंल’ असं गिऱ्हाइकाला सांगण्याचाच मला पगार मिळतो. माझ्या सल्ल्यानं जिल्ह्यातल्या कितीतरी विहिरींवर पाणी चढतंय. माझी स्वतःची गाडी तेवढी चढेना.

ती चढवायची होती रेड्याच्या पाठीवर. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे, आणि गावामागच्या ओढ्यात एक काळा कातळ आडवा पसरलाय. बसलेल्या रेड्याची पाठ दिसावी तसा. खाली गुळगुळीत, मध्ये फुगवटा आणि वर सपाट. त्याच्यावरून मोटारसायकल वर न्यायची आणि वाटेत पाय टेकायचा नाही. या खेळाला ट्रायल्स म्हणतात हे मला मोबाइलवर कळलं. यात वेग नसतो, शर्यत नसते. दगडधोंड्यांतून गोगलगायीच्या चालीनं गाडी काढायची. पाय जमिनीला लागला की गुण गेला. परदेशातली पोरं त्यात शेरडागत उड्या मारतात. पण आमच्या गावात हे नाव यायच्या आधीपासून खेळ होता, कारण आमचे आबा होते.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेत मोटारसायकलवरून टपाल पोचवायचं काम त्यांनी उमर जाईस्तोवर केलं. रस्ता असेल तिथं रस्त्यानं, नसेल तिथं नदीच्या पात्रातून. सुट्टीवर आले की कुणाचीतरी गाडी मागून घ्यायचे आणि रेड्याच्या पाठीवर चढवायचे. गावातली जुनी माणसं अजून सांगतात, की आबा वर गेल्यावर गाडीवरच बसून विडी पेटवायचे आणि मग पाय खाली टाकायचे. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं, आणि पेन्शनीत आल्यावर घेतलेली त्यांची शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी मला दिली. त्याबरोबर त्यांचे फौजेतले बूटही मिळाले. तळाला लोखंडी खिळे आणि टाचेला नाल. पुढची कितीतरी वर्षं मी त्या गाडीवर, ते बूट घालून, रेड्याच्या पाठीवरून घसरत आलो.

घसरण्याचं दुःख मला कधी झालं नव्हतं. दर शनिवारी सांगलीहून एसटीनं गावाला यायचं. बायको तिथं आबांजवळ असते. रविवारी सकाळी ओढ्यात जायचं, आबांनी उंबराखाली खुर्चीत बसायचं, मी घसरायचं आणि आबांनी फौजी आवाजात ‘पाय!’ म्हणून ओरडायचं. घरी येऊन भाकरी-कालवण. असं चाललं असतं तर आणखी वीस वर्षं चाललं असतं.

मग आबांना काचबिंदू निघाला. साताऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की गेली ती नजर परत यायची नाही. थेंब घालून उरलेली जपायची. तोवर आबांना नळकांड्यातून बघावं तसं दिसायला लागलं होतं. एसटीनं परत आलो. मेढ्याला उतरल्यावर म्हणाले, “डोळं हायत तवर चढ, गड्या. मग चढलास काय आन् न्हाई चढलास काय, मला सारखंच.”

त्या दिवसापासून माझा खेळ बंद झाला आणि घाई सुरू झाली.

माणसाला स्वतःतला दोष दिसेना झाला की तो गाडीत दिसायला लागतो. माझं वय पंचेचाळिशीच्या पुढे, गुडघा करकरतो, फुगवट्यावर गाडी उचलून धरायची वेळ आली की खांदे नाही म्हणतात. मी निष्कर्ष काढला, गाडी जड आहे. दुकानातल्या हमालापासून बायकोपर्यंत प्रत्येकानं माझ्या पोटाकडे बघून एकच विनोद केला. तो इथं लिहीत नाही, तुम्ही तो आत्ता मनात केलाच आहे.

पहिला स्टँड काढला. तेव्हापासून गाडी दिसेल त्या भिंतीला रेलून राहायला लागली. मग आरसे, हॉर्न, मागचं कॅरिअर, साडीची जाळी. सीट काढून पत्र्याच्या तुकड्यावर स्पंज बसवला. लोखंडी हँडल जाऊन अ‍ॅल्युमिनियमचं आलं. ब्रेकच्या दांडीला, चेनच्या झाकणाला, जिथं म्हणून ड्रिलचं टोक शिरेल तिथं भोकं पाडली.

“आवं, जाळी काढली, सीट काढलं,” बायको म्हणाली. “मी बसू कुठं?”

“बसायचंच न्हाई आता. ही खेळाची गाडी झाली.”

“मग मेढ्याच्या बाजाराला मला काय रेड्यावर बसवून नेणार हाय का?”

तोवर ती माझ्या पायांकडे बघायला लागली होती. “एवढं कोरून कोरून वजन काढताय, आन् ह्या बुटांत करडाएवढं लोखंड हाय त्याचं काय?”

“ते आबांचं हायत,” मी म्हणालो. तो विषय तिथंच संपला. काही गोष्टींना माणूस वजनात धरत नाही.

मध्ये एकदा काम करून घ्यायला गाडी टेम्पोत घालून सांगलीला नेली, तेव्हा तिचं वजन करायची हौस आली. ओळखीच्या हळदीच्या वखारीतल्या काट्यावर ती चढवली. आकडा बघून मी खूश. गाडी परत गावाला आली ती टायरांपासून टाकीपर्यंत पिवळीधमक. आबांनी मान इकडं-तिकडं हलवून, आपल्या नळकांड्यात ती तुकड्यातुकड्यानं पकडली.

“हळद लागली व्हय रं हिला? नवरा बगितलास का न्हाई आजून?”

त्याच फेरीत मी दोन कामं बरोबर केली होती, ही नोंद व्हायला हवी, कारण पुन्हा तशी वेळ आली नाही. चेनचं मागचं चक्र मोठं बसवलं, त्यामुळे गाडी हळू पण जोर लावून ओढायला लागली. आणि मऊ रबराचा टायर घालून त्यात हवा अगदी कमी ठेवली, म्हणजे तो कातळाला पाल चिकटावी तसा चिकटतो. त्या रविवारी मी फुगवट्याच्या पार गेलो. वरच्या सपाटीच्या तोंडाशी, फक्त तिथं, डावा पाय लागला.

“पाय!” आबा ओरडले, आणि मग पहिल्यांदाच म्हणाले, “एकच. येतंय, येतंय.”

इथं थांबायचं होतं. चार रविवार सराव केला असता तर तो एक पायही गेला असता, असं आता मला रोज वाटतं. पण हलकेपणाची चटक दारूसारखी असते. गाडीत काढण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तर मी तिच्या पोटात हात घातला. सांगलीत शर्यतीच्या गाड्या करणारी पोरं मॅग्नेट उतरवून घेतात, एवढं ऐकून होतो.

लेथवाला उत्साही माणूस. मॅग्नेट हातात घेऊन त्यानं विचारलं, “शर्यतीची गाडी हाय का?”

“तसंच समजा,” मी ऐटीत म्हणालो.

“मग बघाच तुमी. पोरांच्या समद्या गाड्या मीच करतो. बाणागत सुटती. किती उतरवू?”

“उतरंल तेवढं.”

लोखंडाच्या चमकत्या कुरळ्या निघत राहिल्या. दिसायला इतक्या सुंदर, की मी त्यातला मूठभर कीस कागदात बांधून घेतला, आबांना दाखवायला. आबांनी तो बोटांत धरून बघितला, बघितला म्हणजे चाचपला, आणि विचारलं, “आन् नगं झालं तर ह्यो परत लावता येतोय का?”

मी हसलो. आबा जुन्या काळचे, असं मनात म्हणालो.

रविवारी गाडी सुरू केली आणि एका क्षणात कळलं. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिरगाळली की मिरची लागल्यागत किंचाळायची आणि सैल सोडली की गप्प. शर्यतीच्या गाडीला मूठ सैल सोडायची वेळच येत नाही. आम्हाला तर सगळं सैल मुठीवर करायचं असतं. रेड्याच्या पाठीवर अर्ध्यात गेलं की इंजिन मरायचं, गाडी मागं घसरायची, मी पाय टेकायचो, किक मारायचो, पुन्हा अर्ध्यात मरायचं.

“पाय!” उंबराखालून आवाज. “पाय! पाय! आरं, पाय!” मग जरा थांबून, “आता मोजू का सोडू?”

त्याच दुपारी मोबाइलवर एक परदेशी पोरगा सापडला. तो त्याच खेळासाठी, त्याच मॅग्नेटला, वरून पितळेची कडी जोडून वजन वाढवत होता. सगळे तसंच करतात म्हणे. मी ते पुन्हा पुन्हा बघितलं, जणू काही एखाद्या वेळी तो कडी काढून टाकेल.

ती गाडी बंद होऊन जमाना झालाय. सांगली, मिरज, कऱ्हाड, जिथं म्हणून भंगारवाला बसतो तिथं मी जाऊन आलो. रोज दुकानात ‘हा भाग मिळंल का?’ विचारणाऱ्यांना मी जो चेहरा करून ‘बंद झालाय’ म्हणतो, तोच चेहरा करून सगळे मला ‘बंद झालाय’ म्हणाले. म्हसवडला एकाकडे अख्खं इंजिन होतं, ते त्यानं आदल्या आठवड्यात वितळायला धाडलं होतं.

शेवटी जतच्या बाजूला एका धनगराच्या मळ्यावर तशी जुनी गाडी आहे असं कळलं. उन्हानं फुटलेल्या रानातून, पाण्याच्या टँकरमागोमाग धूळ खात तिथं पोचलो. म्हातारा मेंढरांना पाणी दाखवत होता.

“गाडी गेली मोडीत,” तो म्हणाला. “पर तुमी म्हणताय ते चाक हाय. कोंबड्याच्या खुराड्यावर.”

खरंच होतं. खुराड्याच्या झाकणावर दडपण म्हणून ठेवलेलं, गंजून लाल. माझा आनंद पोटात मावेना. मी खिशातला खिळा काढून त्याला लावला. खिळा खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. त्यातली ओढ कधीच गेली होती.

“न्हाई वडत व्हय?” म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसलं. “न्या की तरीबी. मला काय, मांजर आडवायलाच लागतंय.”

“राहू द्या,” मी म्हणालो. “तुमच्याकडं त्याला काम तर हाय.”

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं लावून बसलो. माझं मॅग्नेट ओढतं पण हलकं, म्हाताऱ्याचं जड पण ओढत नाही. तेवढ्यात बायकोचा फोन आला. आबांना आज उंबर दिसला नाही, म्हणाली. खुर्ची घेऊन गेले आणि ओढ्याच्या भलत्याच बाजूला जाऊन बसले.

मी त्याच लेथवाल्याकडे गेलो. “गेल्या बारीला काढाय आणलं, आता घालाय आणलं,” तो म्हणाला. “तुमचं घरी पटत न्हाई का?” त्यानं पितळेची कडी करून दिली. पहिली जराशी एका अंगाला जड निघाली. गाडी सुरू केली की माझे दात वाजायचे. ती काढून दुसरी करेपर्यंत ओढ्याला पाणी आलं. आमच्याकडे पाऊस आला की बसतो. रेड्याची पाठ बुडाली, आणि आता ती दिवाळीशिवाय वर यायची नव्हती.

त्या पावसाळ्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. शनिवारी घरी पोचलो की आबा उंबऱ्याजवळ बसलेले असायचे. आपलाच हात तोंडासमोर धरून ते बघायचे. आधी बोटं दिसायची. मग हात आहे एवढं कळायचं. मग दारात कुणी उभं राहिलं तर उजेड अडलेला समजायचा, ते माणूस आहे का म्हैस ते नाही. थेंब वेळच्या वेळी चालू होते. डॉक्टरही तेच होते, तेच सांगत होते. गाडी गोठ्याच्या भिंतीला रेलून होती, दुरुस्त. फळीवर तो कागदातला कीस होता. बायकोनं तो कधी फेकला नाही आणि मलाही फेकवेना. मी चढू शकत होतो, असं मला वाटत होतं, पण चढायला दगड नव्हता. आणि दगड वर येईल तेव्हा बघायला डोळे नसणार हे घरात तिघांनाही माहीत होतं. आबा फक्त विचारायचे, “पाणी किती हाय वढ्याला?”

“उतरतंय, आबा,” मी म्हणायचो. बाहेर कोसळत असायचा.

खंडेनवमीला आमच्यात अवजारं पुजतात. विळे, कोयते, नांगराचा फाळ, आणि गाड्या. आबा दरवर्षी गाडीला स्वतः गंध लावतात. त्यांना हात धरून मी गाडीजवळ नेलं. त्यांनी टाकीवरून हात फिरवला, मग हँडलवरून, मग खाली खाली. आरसा शोधला, नव्हता. सीट शोधलं, पत्रा लागला. ब्रेकच्या दांडीवर बोट फिरलं आणि एका भोकात अडकलं, दुसऱ्यात, तिसऱ्यात.

“उंदरांनी खाल्ली का रं ही?”

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मी म्हणालो, “हलकी केली, आबा.”

“लय केलीस,” म्हणाले, आणि गंध कुठं लावायचं ते शोधत राहिले. शेवटी मी त्यांचं बोट धरून टाकीवर ठेवलं.

दिवाळीनंतर ओढा आटला. रेड्याची पाठ शेवाळ वाळून काळी पडली, तसा एका रविवारी मी आबांना घेऊन गेलो. कशाला, ते मला माहीत नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. बूट पुसून ठेवलेले होते, ते त्यांनी सकाळी चाचपून पुसले असणार. बायकोनं उंबराखाली खुर्ची ठेवली आणि आबांचं तोंड कातळाकडे वळवून त्यांना बसवलं. ते जरा जास्तच वळवलं गेलं होतं. मी सांगितलं नाही.

गाडी सुरू केली. इंजिन पहिल्यासारखं संथ, जड, दळण पडावं तसं चाललं. मी पायांवर उभा राहिलो आणि मूठ हळूच आवळली. खालचा गुळगुळीत भाग गेला. फुगवटा आला, पुढचं चाक त्याच्यावर चढलं, मूठ सैल सोडली, इंजिन मेलं नाही. गाडी जागच्या जागी एक श्वास थांबली आणि पुढे सरकली. मागचा टायर चिकटून राहिला. इतक्या वर्षांत मला त्या दगडावर कधी भीती वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली, कारण आता खरंच जमत होतं. समोर सपाटी दिसली. नेमकं तिथंच गुडघा करकरला, गाडी डावीकडे एक बोटभर कलली आणि डावा पाय कातळाला लागून उचलला गेला. लागला म्हणजे स्पर्श. माशी बसून उडावी एवढा.

मी वर होतो. गाडी वर होती. खाली आबा खुर्चीत पुढे झुकून, भलतीकडे बघत बसले होते. ‘पाय!’ म्हणून कुणी ओरडलं नाही.

“चढलो, आबा!” मी ओरडलो.

“पाय?” त्यांनी विचारलं.

‘एकच’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी वरून त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणालो, “न्हाई टेकला.”

आबांनी मान बायकोच्या दिशेनं वळवली. “व्हय का गं, सूनबाई?”

बायकोनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. “वर तर गेल्यात, आबा,” ती म्हणाली.

आबांनी खिशातून विडी काढली. काडी पेटवायला दोनदा चुकले, तिसऱ्यांदा पेटली. एक झुरका घेतला आणि म्हणाले, “टेकला. नाल वाजली. गाडीचं समदं लोखंड काढलंस गड्या, बुटाचं ऱ्हायलं.”